रसवंतीचं हँडल

ऐक ना लल्या, नुसतं ऐक. मधे बोलू नकोस आणि हसू तर अजिबात नकोस. हसण्यासारखं आहे थोडं, पण तू हसलास की मी कुठं होतो तेच विसरतो. तुम्ही सगळे विचारता ना, चंदर टपरीवर आला की तू अर्धा चहा टाकून का उठतोस, तर ते आज सांगून टाकतो.

तू चंदरला फक्त आमच्या इंदिरानगरच्या गॅरेजवर पाहिलंयस. तो मूळचा विंचूरचा. वडील आणि मोठा भाऊ पुंजा, दोघं तिथल्या कांदा मार्केटात हमाल. चंदरपण सोळाव्या वर्षापर्यंत फळीवरून ट्रकमध्ये गोण्या चढवायचा. मग इकडं गॅरेजला लागला आणि दोन वर्षांत मातीच्या ट्रॅकवर मोटारसायकल पळवायला लागला. कशी पळवतो ते तू बघितलं नाहीस, मी बघितलंय. उडीवरून खाली येताना बाकीच्यांची गाडी आपटते, याची बसते. कोंबडी अंड्यावर बसते ना, तशी.

तर या जानेवारीत पुण्याला रेस होती. रेस रविवारी, पण शनिवारी पाचच्या आत गाडी मैदानात नेऊन दाखवायची, नाही दाखवली तर नाव कट. आणि ही रेस नेहमीसारखी नव्हती. पुण्यातल्या एका गॅरेजवाल्याची स्वतःची टीम आहे, त्यानं चंदरला निरोप पाठवला होता, पहिल्या तिघांत ये, मग गाडी माझी, टायर माझे, पगार देतो, तू फक्त पळव. हा निरोप चंदरनं मला चार वेळा सांगितला. पाचव्यांदा सांगायला लागला, मधेच सोडलं आणि पान्हा पुसायला लागला उगाच.

आता गाडी पुण्याला न्यायची कशी? तिला ना दिवा ना नंबर, टायर मातीचे, डांबरावर साबणासारखे सरकतात. मी म्हटलं, आमच्या ढुंढिराजकाकाची व्हॅन आहे की. हा बाबांचा चुलतभाऊ. पंचवटीत पूजा सांगतो, आणि यात्रेकरूंना त्र्यंबकला न्यायला-आणायला त्यानं व्हॅन घेतलीय, मोठी, मागून दोन दारं उघडणारी. त्या शनिवारी तो पुण्याला बहिणीकडं चाललाच होता. हो म्हणाला, पण अटी घातल्या. व्हॅन तोच चालवणार, आणि आत तेलाचा एक थेंब पडता कामा नये, सोमवारी सुरतेची पार्टी होती आणि ते लोक खाली चटई टाकून बसतात.

इथपर्यंत ठीक होतं. मग मी म्हणालो, गाडी चढवायचं माझ्यावर सोड. कुणी सांगितलं नव्हतं मला. डिप्लोमाचं शेवटचं वर्ष, मेकॅनिकल, डोक्यात सगळी चाकं फिरत होती, मला काहीतरी बनवायचंच होतं.

भंगारात एक मोडकी रसवंती मिळाली, हातानं फिरवायची. तिची दात्यांची दोन चाकं काढली, एक मोठं, एक लहान, आणि लाकडी मुठीचं हँडल. गॅरेजमध्ये वेल्डिंग करून त्याला पाइपचा रूळ बसवला. रुळावर नायलॉनची रस्सी, आणि दात्यात अडकणारा एक खटका, म्हणजे हँडल सोडलं तरी रस्सी मागं जाणार नाही. हे सगळं काकाच्या सीटमागं काढलेल्या बाकांच्या बोल्टांवर आवळलं. मागून चढायला उतार केला, निफाडच्या एका द्राक्षबागेतले जुने लोखंडी अँगल जोडून वर फळी. रस्सीचा हुक गाडीच्या पुढच्या भागाला लावायचा, मी आत बसून हँडल फिरवणार, चंदरनं बाहेरून गाडी नुसती सरळ धरायची. उतरवताना तेच उलटं. हँडल काढून ठेवता येत होतं, कारण बसवून ठेवलं की ते काकाच्या पाठीत घुसायचं.

अकरा दिवस लागले. पहिल्या ट्रायलला काय झालं, मी हँडल फिरवतोय, गाडी जागेवर, आणि काकाची व्हॅनच हळूहळू गाडीकडं यायला लागली. हँडब्रेक ओढायचा राहिला होता. काका आमच्या गेटपाशी चहा पीत होता, त्याला दिसलं की आपली व्हॅन ड्रायव्हरशिवाय निघालीय.

"विश्वेश," तो म्हणाला, "तू मला तारायला आलायस की बुडवायला?"

हसू नकोस म्हटलं ना. तिसऱ्या ट्रायलला गाडी चढली. अकरा मिनिटं लागली, पण चढली. चंदरनं माझ्या पाठीत अशी थाप मारली की दुसऱ्या दिवशीपर्यंत दुखत होतं.

शनिवारी सकाळी सगळे साडेआठला आमच्या गेटपाशी. पुंजा पहिल्या एसटीनं विंचूरहून आला होता, भाकरी-ठेचा बांधून, धाकट्याला निरोप द्यायला. थंडी मरणाची. आणि काका घड्याळ बघत उभा. कारण शनिवारी राहुकाळ नऊला लागतो.

"नऊच्या आत चाक हललं पाहिजे," काका म्हणाला. "नाहीतर मी साडेदहाला निघेन. मधे नाही."

साडेदहाला निघालो तर पाचला पोचणं अवघडच. तेव्हा रस्ता कसा होता तुला माहितीये, सहा तास धरायचे, टायर फुटला तर सात. मी फळी लावली, हुक लावला, बोल्ट परत आवळले, या सगळ्यात नऊला दहा कमी झाले. आणि चढवायला अकरा मिनिटं लागणार. हिशोबच बसेना. मग मीच म्हणालो, बरं का, मीच, कुणी दुसरा नाही. म्हणालो, "चंदर, गाडी चालू कर, पहिल्यात टाक, थोडी रेस दे. मी ओढतो, तू ढकल, चार मिनिटांत आत."

ट्रायलला इंजिन नेहमी बंद असायचं.

पुंजानं फळीला हात लावला. "विशूभाऊ, फळी वली हाय."

दव होतं रे. मी रुमालानं पुसली. रुमालानं, लल्या, आठ फुटांची फळी.

आता एक गोष्ट तुला कळली पाहिजे, मला ती नंतर कळली. कांद्याच्या मार्केटात हमाल पाठीवर गोणी घेऊन फळी चढतो ना, तेव्हा मधे थांबायचं नसतं. थांबला की गोणी मागं ओढते, फळी लवते, पाय जातो. म्हणून खाली उभा असलेला माणूस सतत ओरडत असतो, थांबू नको, थांबू नको. चंदर लहानपणापासून हेच ऐकत फळी चढलाय. अंगातच गेलंय ते.

आणि माझी सिस्टीम अशी की तिला मधे थांबावंच लागायचं. रस्सी रुळावर एकावर एक चढायची, ती बोटानं सरळ करावी लागायची. तर झालं काय, पुढचं चाक व्हॅनच्या कडेला आलं, मागचं फळीच्या मध्यावर, आणि रस्सी चढली. मी खटका टाकला आणि म्हटलं, "थांब."

त्याच वेळी खालून पुंजा म्हणाला, "थांबू नको."

चंदरनं रेस दिली. पुढचं चाक टुणकन आत आलं, रस्सी ढिली पडली, मागचं चाक ओल्या फळीवर गरगर फिरलं आणि गाडी खाली घसरली. वीतभरच घसरली. मग रस्सीला हिसका बसला, खटक्यानं धरलं आणि गाडी तिथंच उभी राहिली. फक्त हँडलबार फिरला, आणि चंदरचा डावा हात क्लच आणि दाराच्या पत्र्याच्या मधे सापडला.

तुला माहितीये मी पहिलं काय बोललो? मी म्हणालो, "बघितलंस, खटका धरला." खरंच सांगतो. आनंदानं म्हणालो.

चंदरनं हात सोडवला, उजव्या हातानं रेस दिली, पुंजानं मागून खांदा लावला, मी हँडल फिरवलं आणि गाडी आत. नऊला दोन कमी. काका गाडीत बसला, स्टेअरिंगला नमस्कार केला, निघालो.

"लागलं का रे?" पुंजानं खिडकीतून विचारलं.

"नाय काय. जा तू घरी," चंदर म्हणाला.

मी मागं त्याच्याबरोबर बसलो होतो, खाली गोणपाट, मधे गाडी. सिन्नर यायच्या आत त्याचं मनगट सुजून असं झालं, अंगठ्याखाली निळं. बोटं मिटेनात. मी म्हटलं, चंदर, दाखव, तर त्यानं निघताना पुंजानं दिलेला मफलर गुंडाळला वर.

"काकाला बोललास तर तो गाडी फिरवंल," तो हळू आवाजात म्हणाला.

"अरे पण क्लच कसा दाबणार तू?"

"दाबंल. उद्यापर्यंत उतरंल सूज."

"आणि नाही उतरली तर?"

"विशू, मला शिकवू नको. तुझं ते मशीन सांभाळ."

त्याच्या हाताला जे झालं ते माझ्या मशीनमुळंच झालं होतं ना. पुढं बसून काका कसलं तरी स्तोत्र म्हणत होता, मधेच विचारायचा, तेल गळत नाही ना रे, आणि मी म्हणायचो, नाही काका, एक थेंब नाही. माझं सगळं लक्ष त्या मफलरकडं.

संगमनेर गेलं. चंदनापुरीच्या घाटात व्हॅन वळणावर कलली आणि चंदरनं तोल जाऊ नये म्हणून डावा हात टेकला. त्याच्या तोंडातून जो आवाज आला ना लल्या, तो मी विसरू शकत नाही. ओरडला नाही. कुत्र्याच्या पिल्लावर पाय पडला की येतो तसा, बारीक.

मला तो मागच्या वर्षीचा मुलगा आठवायला लागला, धुळ्याचा होता बहुतेक. उडीवर त्याचा हात सुटला, नुसता हात सुटला, आणि मागून आलेल्या दोन गाड्या त्याच्या अंगावरून गेल्या. तो अजून काठी घेऊन चालतो. चंदर आणि मी दोघांनी मिळून त्याला उचललं होतं.

मी म्हटलं, "तो धुळ्याचा आठवतो?"

"त्याचा हात घाबरून सुटला," चंदर म्हणाला. "मी घाबरत नाय."

"घाबरण्याचा काय संबंध, तुझी बोटं मिटत नाहीत."

"विशू, तू डिप्लोमा होशील. नोकरी लागंल तुला कुठं तरी सातपूरला, पंख्याखाली. मला परत गोणी हाय. समजलं? बोललास तर आपली दोस्ती संपली, एवढंच."

नारायणगावला काका थांबला. तो बाहेरचं खात नाही, घरची दशमी काढून झाडाखाली बसला. चंदर गाडीच्या टाकीला डोकं टेकून झोपला होता. झोपेत त्यानं हात छातीशी धरला होता, दुसऱ्या कुणाचा तरी सांभाळायला घेतल्यासारखा. मी हॉटेलातून पाण्याचा ग्लास आणून दिला. तो उठला, डाव्या हातानं घ्यायला गेला, ग्लास सरळ खाली. मग उजव्यानं उचलला आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "ओला होता ग्लास."

तेव्हा मी ठरवलं. हँडल माझ्या पिशवीत होतं. हँडल नसेल तर गाडी व्हॅनमधून उतरत नाही, गाडी उतरली नाही तर पाचच्या आत दाखवता येत नाही, आणि मग मला कुणाला काही सांगावंच लागत नाही. दोस्ती पण राहते, हात पण राहतो. इतकं साधं वाटलं मला. मी लघवीला जातो म्हणून हॉटेलच्या मागं गेलो, तिथं उसाच्या चिपाडांचा ढीग होता, त्यात हँडल खुपसलं. फेकलं नाही, ठेवलं. फरक आहे असं मला तेव्हा वाटत होतं. पुढच्या सगळ्या रस्त्यात मी पिशवी मांडीवर धरून बसलो होतो, ती हलकी झालीय हे चंदरला दिसेल म्हणून.

सव्वाचारला मैदानात पोचलो. पंधरा-वीस टीम, ट्रक, टेम्पो, धूळ, इंजिनांचे आवाज. चंदरनं मागची दारं उघडली, फळी लावली.

"हँडल दे."

मी पिशवीत हात घातला. उगाच चाचपडत बसलो. "सापडत नाही रे. नाशिकलाच राहिलं वाटतं."

त्यानं पिशवीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. नाशिकहून निघताना मी हँडल पिशवीत घातलं तेव्हा तो शेजारीच होता. खिशातलं ब्लेड काढलं. दातांत धरून त्याचा कागद सोडवला, गाडीला लावलेली रस्सी कापली. आणि मग शेजारच्या ट्रकपाशी गेला, तिथं सांगलीकडची पोरं बसली होती.

"भाऊ, जरा हात लावता का?"

सहा जण आले. दोघं आत चढले, चौघं खाली. एक, दोन, तीन, आणि गाडी जमिनीवर. बारा सेकंद झाले असतील, तेरा. फळीला चाकसुद्धा लागलं नाही. एक जण आत डोकावून म्हणाला, "हे काय आणलंय भावा, रसवंती टाकणार काय हितं?" सगळे हसले. मीपण हसलो, कारण न हसून काय करणार. अकरा दिवस, लल्या. चार माणसं बोलवावीत हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. चढवताना आलं असतं तरी पुष्कळ झालं असतं. काका मात्र खूश, खाली वाकून बघत होता, एक थेंब नाही म्हणाला, आणि गेला बहिणीकडं.

मग आम्ही टेबलापाशी. एक टोपीवाला माणूस फॉर्म भरून घेत होता. त्यानं गाडी बघितली, ब्रेक बघितले, ठीक म्हणाला. चंदरनं दोन्ही हातांत ग्लोव्ह चढवले होते. डावा कसा चढवला असेल देव जाणे. उजव्यानं सही केली.

"मेकॅनिक कोण?"

"हा," चंदर म्हणाला.

"इथं सही कर. रायडर आणि गाडी दोन्ही ठीक आहेत, असं लिहिलंय, वाचून कर."

शेजारच्या टेबलावर एक डॉक्टर मॅडम बसल्या होत्या, कुणी काही सांगितलं तरच तपासायच्या. त्यांच्या मागं तो पुण्याचा गॅरेजवाला उभा होता, चहा घेत, सगळी पोरं न्याहाळत. चंदर त्याच्याकडं बघत नव्हता. माझ्याकडं बघत होता.

"विशू, कर सही."

एवढंच म्हणाला. धमकीबिमकी नाही. जेवायला बस म्हणतात तसं म्हणाला.

मी पेन घेतलं. पेन कागदावर टेकवलंसुद्धा, त्या फॉर्मवर माझ्या नावाचा व काढलेला आहे. आणि मग मी म्हणालो, "मॅडम, याचा डावा हात बघा."

मॅडमनी ग्लोव्ह काढला. मनगट दाबलं, इकडून तिकडून. चंदर हूं की चूं करेना. "क्लच दाबून दाखव," त्या म्हणाल्या. त्यानं दाबला. पूर्ण दाबला, लल्या, मुठीपर्यंत. मी त्याच्या कानाकडं बघत होतो, थंडीत कानामागून घाम ओघळत होता. मला वाटलं, झालं, रेसला सोडतील त्याला, आणि माझ्या मनात काय आलं तेही सांगतो, मला बरं वाटलं. मॅडम म्हणाल्या, "परत दाब." त्यानं परत दाबला, तो अर्ध्यावर थांबला. त्यांनी टोपीवाल्याकडं बघून मान हलवली आणि त्यानं नावावर आडवी रेघ मारली.

गॅरेजवाल्यानं चहा संपवला. "पुढच्या वेळी बघू," म्हणाला. दुसऱ्या दिवशी कोल्हापूरचा एक पोरगा तिसरा आला, त्याला घेतलं टीममध्ये.

आम्ही रविवारी रात्री काकाच्या व्हॅनमधूनच परत आलो. सोमवारी त्यानं फोटो काढला हाताचा. मंगळवारी सकाळी आमच्या गेटपाशी उभा, हातात ते मोठं पाकीट. मी खाली गेलो तर त्यानं एक्सरे काढून उन्हात धरला.

"बघ," म्हणाला. "कुठं मोडलंय दाखव."

मला काय कळतंय त्यातलं. पांढरी हाडं, काळं बाकी सगळं. "काय म्हणाले डॉक्टर?" मी विचारलं.

"मुरगळलाय. हाड शाबूत हाय. पट्टी बांधून चार दिवस आराम कर म्हणला." मग म्हणाला, "मी एकदा पूर्ण दाबला होता विशू. तू बघितलंस."

"दुसऱ्यांदा नाही दाबला गेला."

"रेस तुला माहीत नाय, तिथं दुखत नाय काही."

एक्सरे माझ्या हातात देऊन तो गेला. अजून माझ्याकडंच आहे, कपाटाच्या वर. मशीनचं भंगार केलं. पुंजा मधे भेटला मार्केटच्या गाडीवर, तो म्हणाला, विशूभाऊ, तुम्ही बरं केलं, पण त्याच्यापुढं मी असं म्हणणार नाय. आई म्हणते बरोबर केलंस. पण ती आई आहे, आणि तिला हँडलचं सांगितलेलं नाही.

आणि चंदर हिवाळ्यात परत विंचूरला जातोय म्हणे, कांद्याच्या सीझनला.

मला बरोबर की चूक ते नकोय. तू फक्त स्वतःला तिथं उभं कर. हाड शाबूत आहे हे तुला माहीत नाही. तो हात तुझ्याच मशीनमध्ये सापडलाय. एकदा खोटं बोलून झालंय आणि ते त्याला कळलंय. पेन हातात आहे, अर्धं अक्षर काढून झालंय, आणि तो म्हणतोय, कर सही. तर लल्या, तू काय केलं असतंस?